फाटक्या कडेचं काम

मी कामाला लागून दोनच महिने झाले होते. नारायण पेठेतलं छोटं डीटीपीचं (कॉम्प्युटरवर पानं मांडून छपाईला देण्याचं) दुकान, तीन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, आणि सप्टेंबर म्हणजे दिवाळी अंकांची धांदल. एका अंकाच्या आतल्या पानांवर जुने घरगुती फोटो ‘फाडून चिकटवल्यासारखे’ हवे होते. मी फोटोशॉपचा फिल्टर मेनू धुंडाळला, स्केच या गटात ‘टॉर्न एजेस’ असं नाव दिसलं आणि मनात म्हटलं, झालं की काम! क्लिक केलं, तर कुणाच्या तरी आजोबांच्या चेहऱ्यावर काळे-पांढरे डाग पडले आणि फोटोच्या चारही कडा मात्र होत्या तशाच सरळ.

नवीन माणूस हमखास इथे फसतो, म्हणून आधी हेच सांगते. तो फिल्टर फोटोची कड फाडत नाही. फोरग्राउंड आणि बॅकग्राउंडला जे दोन रंग असतील, त्या दोन रंगांत तो आख्खं चित्र फाटक्या कागदाच्या तुकड्यांसारखं करून टाकतो. आपल्याला हवं असतं ते काम मास्कवर करायचं असतं. फोटोच्या थराला लेयर मास्क लावायचा. मास्कवर पांढरं ते दिसतं, काळं ते झाकलं जातं. फोटो खोडरबरने खोडत बसू नका. संपादक उद्या ‘डावीकडचा हात पुन्हा दिसू द्या’ म्हणाले की रडायची वेळ येते.

मग मी शहाणी झाले. लॅसोने (हाताने रेघ ओढून निवड करायचं साधन) वेडीवाकडी निवड केली, मास्क लावला, त्या मास्कवर स्पॅटर (शिंतोडे उडाल्यासारखं करणारा) फिल्टर चालवला. कड खरबरीत झाली, मी खूश. आमच्या काकांनी (दुकानाचे मालक, सगळे काकाच म्हणतात) चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि म्हणाले, “अगं, ही करवत आहे. कागद कुठंय?” टेबलावरचं एक जुनं मासिक उचललं, त्याचं पान टर्रकन फाडलं आणि दोन्ही तुकडे माझ्या हातात दिले. “हे बघत बस दहा मिनिटं.”

त्या दहा मिनिटांत जे दिसलं ते पुढच्या कोणत्याही ट्युटोरियलमध्ये मला मिळालं नाही. एक, छापलेल्या कागदाची शाई वरच्या थरावर असते. फाडलं की आतला पांढरा गाभा उघडा पडतो. दोन, ती पांढरी किनार दोन्ही तुकड्यांना सारखी येत नाही. एका तुकड्याला चांगली रुंद, दुसऱ्याला जवळजवळ नाहीच. तीन, किनारीची रुंदी सतत बदलते: इथे केसाएवढी, तिथे दोन मिलिमीटर, मध्येच एखादा तंतू बाहेर आलेला. आणि चौथी गंमत म्हणजे पान उभं फाडलं तर जवळपास सरळ गेलं, आडवं फाडलं तर भरकटलं. कागद बनताना त्यातले बरेचसे तंतू एका दिशेने बसतात. त्या दिशेने कागद निमूट फाटतो, आडवा फाडला की हट्ट करतो. म्हणजे चारही कडा सारख्याच खडबडीत असलेला फोटो बघणाऱ्याला खोटा वाटतो, का ते त्याला सांगता येत नाही एवढंच.

तेव्हापासून मी कड ‘बनवत’ नाही, स्कॅन करते. ड्रॉइंग पेपर फाडायचा, स्कॅनरच्या काचेवर पालथा ठेवायचा, मागे काळा कार्डपेपर, ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके). लेव्हल्समध्ये (फोटोशॉपमधली गडद-फिकट ठरवायची सोय) काळं पुरतं काळं आणि पांढरं पुरतं पांढरं करायचं, पण मधल्या करड्या छटा सगळ्या मारून टाकायच्या नाहीत. कडेचा मऊपणा त्यांतच असतो. हे चित्र कॉपी करायचं, फोटोच्या मास्कवर ऑल्ट दाबून क्लिक करायचं म्हणजे मास्क पूर्ण पडद्यावर उघडतो, आणि तिथे पेस्ट करायचं. पहिला थर तयार.

आता पांढरी किनार. फोटोखाली एक नवा थर, कागदाच्या रंगाने भरलेला, आणि त्याला त्याच मास्कची प्रत. मग वरच्या फोटोचा मास्क थोडा आत ढकलायचा. थोडा म्हणजे किती? छपाईच्या ३०० पीपीआय (दर इंचाला ३०० पिक्सेल) फाइलमध्ये एक मिलिमीटर म्हणजे साधारण १२ पिक्सेल. खरी किनार एक-दोन मिलिमीटरची दिसली, म्हणजे १२ ते २४ पिक्सेल. पण नुसता ढकलून सोडला तर सगळीकडे सारखी पट्टी येते, साडीला फॉल लावल्यासारखी. म्हणून छोटा खरबरीत ब्रश घेऊन मास्कवर हाताने कुरतडायचं: दोन ठिकाणी किनार पूर्ण बुजवायची, एका ठिकाणी फोटो जास्त आत खायचा. या कुरतडण्याला मला अजूनही पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि कामाचा जीव तिथेच असतो.

किनारीचा रंग शुभ्र पांढरा ठेवू नका. पान पांढरं, किनार पांढरी, मग दिसणार काय? किंचित पिवळसर घ्यायची आणि खाली सावली द्यायची. सावलीही एकसारखी नको. कागद जिथे चिकटलाय तिथे ती बारीक, जिथे कोपरा उचललाय तिथे रुंद आणि फिकी. ड्रॉप शॅडो (तयार एकसारखी सावली) लावून मोकळं होणारे लगेच ओळखू येतात.

पडद्यावर काम झालं म्हणजे काम झालं, असं मात्र समजू नका. फिल्टर पिक्सेल मोजतात, मिलिमीटर नाही. वेबच्या लहान फोटोवर झकास दिसलेला स्पॅटर त्याच आकड्यांनी छपाईच्या मोठ्या फाइलवर लावला तर कड जवळपास गुळगुळीत छापून येते. दुसरं, फाइल सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) असेल तर फिल्टर गॅलरी (स्पॅटर वगैरे फिल्टर जिथे असतात ती खिडकी) चालतच नाही, करडी पडून बसते. मी पहिल्यांदा सॉफ्टवेअर बिघडलं म्हणून ते पुन्हा टाकायला निघाले होते! आरजीबीत (पडद्याचे लाल-हिरवा-निळा रंग) काम करा, शेवटी बदला.

आणि एक फजिती. फाटकी कड मी अगदी पानाच्या काठाजवळ नेली होती, कटिंगच्या रेषेपासून जेमतेम दोन मिलिमीटर आत. छापखान्यातून फोन आला, “मॅडम, फाइल खराब आहे, कोपऱ्यात फोटो कापला जातोय.” त्यांची चूक नव्हती. काठाजवळची फाटकी कड ही कटिंगची चूकच वाटते. एक तर ती चांगली दहा-बारा मिलिमीटर आत घ्या, नाहीतर फोटो सरळ तीन मिलिमीटर ब्लीडमध्ये (कटिंगच्या रेषेबाहेरचा, कापला जाणारा जादा भाग) बाहेर जाऊ द्या.

गिम्पवर (फोटोशॉपसारखंच, पण फुकट सॉफ्टवेअर) शिकत असाल तरी मास्कची ही सगळी रीत तशीच चालते. तिथे सिलेक्ट मेनूत डिस्टॉर्ट आहे, निवडीची कड चटकन वेडीवाकडी करायला बरं. फिल्टर्समधल्या डेकोरमध्ये फझी बॉर्डर आहे, पण ती चारही बाजूंना सारखीच येते.

एक फरक मात्र ओळखायला शिका, कारण गिऱ्हाईक सगळ्यालाच ‘फाटका इफेक्ट’ म्हणतं. हातकागदाची कड फाटलेली नसते. कागद बनवताना लगदा चौकटीच्या कडेखाली झिरपतो आणि विरळ होत जातो, म्हणून ती कड पातळ, लवदार असते आणि तिला पांढरा गाभा नसतो. लग्नपत्रिकेला ही कड लागते, फाटकी नव्हे! तिथे किनारीचा थर वगळा, सावली अगदी पुसट ठेवा. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे. तिथला एक कागद विकत आणून स्कॅन केला की वर्षानुवर्षं पुरतो. आणि आजीच्या अल्बममधल्या छोट्या फोटोंची नागमोडी कड तिसरीच. ती कातरलेली असते, त्यामुळे तिथे मात्र एकसारखेपणाच हवा.

माझ्याकडे आता असे चाळीसेक स्कॅन आहेत, फाइलच्या नावातच कागद आणि दिशा: ‘वर्तमानपत्र-आडवं’, ‘ड्रॉइंग-उभं’, ‘खाकी-पाकीट’. एकच कड दोनदा वापरायची झाली तर उलटी करून फिरवते. एकाच पानावर दोन फोटोंना तोच तंतू तोच वळसा घेताना दिसला, तर काका अजूनही बोट ठेवतात.

तयार तुकडा गिऱ्हाइकाला पाठवायचा असेल तर पीएनजी करा. जेपीजीमध्ये पारदर्शक भाग राहत नाही. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर रात्री साडेअकराला फोन येतो की मागे चौकोन का दिसतोय.