मुंबई ते लंडन: हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नये. पृथ्वीगोलावर मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये दोरा ताणून धरल्यास तो नकाशावरील सरळ रेषेच्या उत्तरेकडून जातो, आणि हेच सर्वांत कमी अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते.

ताशी ९०० किलोमीटर वेग धरला, तर आठ तास होतात. त्यात उड्डाण, चढण आणि उतरण यांसाठी अर्धा-पाऊण तास मिळवावा. पश्चिमेकडे जाताना मात्र वरच्या थरांतील वेगवान वारे समोरून येतात आणि बंद हवाई हद्दींना वळसाही घालावा लागतो, म्हणून जाण्यास साडेनऊ-दहा तास लागणे स्वाभाविक आहे. परतीला वारा पाठीशी असल्याने वेळ कमी लागतो.

खरी चूक तिकीट वाचताना होते, कारण त्यावरील दोन्ही वेळा स्थानिक असतात. जानेवारीत मुंबईहून दुपारी २ वाजता निघून लंडनला संध्याकाळी ६.३० वाजता पोहोचणारे विमान साडेचार नव्हे, तर दहा तास उडते, कारण लंडनचे घड्याळ तेव्हा साडेपाच तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचार तासांचा धरावा.