सॉर्बिटॉल डिहायड्रोजनेजचं रीडिंग हलत नाही? या चुका टाळा

एप्रिलात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि आमच्या प्रॅक्टिकलला ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "सर, एन्झाइम मेलं." हे एन्झाइम म्हणजे कलेजीतलं सॉर्बिटॉल डिहायड्रोजनेज. ते सॉर्बिटॉलचं फ्रुक्टोज करतं, तेव्हा सोबत घातलेल्या एनएडीचं एनएडीएच होतं, आणि तेच आम्ही ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतो. बहुतेक वेळा ते जिवंत असतं. मेलंच असेल तर स्कूटरच्या डिकीत. मेंढीची कलेजी आणायला जाताना बर्फाचा डबा सोबत न्या. होमोजिनेटही, म्हणजे कलेजी वाटून केलेलं मिश्रणही, बर्फातच.

सगळ्यात जास्त घात बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, करतो. या एन्झाइमच्या गाभ्यात जस्ताचा अणू असतो आणि तोच गेला की काम बंद. आम्ही मात्र प्रोटीन काढायच्या बफरमध्ये सवयीने ईडीटीए हे रसायन टाकतो, आणि ते जस्त ओढून घेतं. एकदा मी यापायी दोन दिवस घालवले. नवीन एनएडी मागवलं, दिवा बदलला. बाटलीवरचं लेबल सगळ्यात शेवटी वाचलं! म्हणून जर्नलमध्ये 'सगळ्या पॉलिऑल डिहायड्रोजनेजना जस्त लागतं' असं मात्र ठोकू नका (पॉलिऑल म्हणजे सॉर्बिटॉल, मॅनिटॉलसारखे पदार्थ). स्यूडोमोनास या जीवाणूतलं मॅनिटॉल डिहायड्रोजनेज धातूशिवाय चालतं. काम सारखं असलं तरी घराणं वेगळं.

पीएचही बघा. सॉर्बिटॉलचं फ्रुक्टोज होताना हायड्रोजन आयन सुटतो, त्यामुळे ९ च्या आसपास गाडी पुढे पळते आणि ७ ला उलटी जायला बघते. पण अल्कलीत एनएडी टिकत नाही. ते ताजं करा, बर्फात ठेवा, बफरमध्ये अगदी ऐनवेळी घाला.

उलटी तक्रारही येते: सॉर्बिटॉल न घालताच ३४० नॅनोमीटरला रीडिंग चढतं. क्युव्हेट (रीडिंगसाठी द्रावण भरायची छोटी नळी) स्पिरिटने धुतलाय ना? कलेजीत अल्कोहोल डिहायड्रोजनेजही असतं आणि उरलेल्या थेंबावर तेही एनएडीएच बनवतं. क्युव्हेट डिस्टिल्ड वॉटरने धुवा आणि सॉर्बिटॉलशिवायचा ब्लँक कधीच चुकवू नका.

एसडीएच या लघुरूपाने तर एका मुलीची सकाळ वाया घालवली. तिने सक्सिनेट डिहायड्रोजनेजची पद्धत वाचली. ते मायटोकॉन्ड्रियात असतं, म्हणून तिने गाळ जपून ठेवला आणि वरचं पाणी बेसिनमध्ये ओतलं. आपलं एन्झाइम त्या पाण्यातच होतं. पद्धत शोधताना पूर्ण नाव लिहा, नाहीतर ईसी १.१.१.१४ हा नंबर टाका.

हिशेबात ६.२२ ने (एनएडीएच ३४० नॅनोमीटरला किती प्रकाश शोषतं त्याचा आकडा) भागायला कुणी विसरत नाही. होमोजिनेट किती पट पातळ केलं होतं, ते मात्र अर्धा वर्ग विसरतो.