तलावाकाठी ट्रेलर ठेवताय? या चुका टाळा

शनिवारी पहाटे कोथरूडहून निघायचं, कामशेतला वडापाव खायचा आणि ऊन चढायच्या आत पवना धरणाच्या पाण्यात कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, घालायची, हा आमच्या दोन घरांचा शिरस्ता. मुक्कामाला एक छोटा ट्रेलर आहे, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घरच. तो ठाकुरसाईजवळ एका काकांच्या शेतात भाड्याने उभा असतो. आजवर एक गोष्ट पक्की कळली: ट्रेलर रस्त्यावर फारसा बिघडत नाही, उभा असताना बिघडतो. सोमवार ते शुक्रवार आणि पावसाळ्याचे चार महिने त्याच्याकडे कोणी बघत नाही, नुकसान होतं ते तेव्हाच.

मे महिन्यातलं पाणी बघून जागा ठरवणं

मे महिन्यात धरण आटलेलं असतं. पाण्यालगत छान सपाट जागा दिसते आणि वाटतं, इथून कयाक दहा पावलांवर. पण ती जागा धरणाच्या पोटातली असते. जुलैत पाऊस लागला की पाणी बघता बघता चढतं. काकांनी आम्हाला पहिल्याच दिवशी बांधावर नेऊन दाखवलं. खाली माती उघडी, फिकट, तडे गेलेली आणि वर करवंदाच्या जाळ्या. "झाडोरा जिथं सुरू होतो ना दादा, तिथवर पाणी येतं. गाडी त्याच्याबी वर लावा." आणखी एक, बुडीत क्षेत्रातली जमीन धरणासाठी संपादित झालेली असते. म्हणून भाडं ठरवण्याआधी सातबारा बघाच. बोट पाण्यात घालायच्या परवानगीचंही जलसंपदा विभागाच्या कार्यालयात आधी विचारून घ्या.

जागा मिळाली की मुरूम टाकून घट्ट दाबून घ्या. नुसत्या मातीवर चाकं जूनअखेर रुतून बसतात. कोपऱ्यांचे जॅक ट्रेलर डुलू नये म्हणून असतात, वजन उचलायला नव्हे. त्यांनी ट्रेलर समतल करायला गेलात तर चौकट पिळते आणि दार लागेनासं होतं. आधी चाकाखाली फळी घालून समतल करा, चाकांना दगड लावा आणि मग जॅक टेकवा.

पावसाळ्यात ताडपत्रीने आवळून बांधणं

ही चूक आमची, आणि सगळ्यात महाग पडलेली. पहिल्या वर्षी निळी ताडपत्री चहूबाजूंनी करकचून बांधली आणि निर्धास्त झालो. दसऱ्याला उघडलं तर गादीवर काळी बुरशी, आणि मागच्या कोपऱ्यातल्या प्लायवर बोट टेकवलं तर ते आत गेलं. ताडपत्रीने बाहेरचं पाणी अडवलं, पण आतली ओल कोंडली. शिवाय वाऱ्याने फडफडून छताच्या कडेचा रंग घासून काढला तो वेगळाच.

पाणी शिरलं होतं छताच्या झरोक्याच्या सांध्यातून, दिसलं मात्र चार फूट लांब. गळतीचं नेहमी असंच असतं. डाग दिसतो तिथे भोक शोधू नका, उताराने वर वर जात शोधा. भिंतीवर तळव्याने दाबत जा. जिथे मऊ लागेल तिथे आत ओल आहे. दुरुस्ती करताना जुन्या सीलंटवर नवा थर देऊ नका, तो धरत नाही. जुना खरवडून काढा आणि ब्यूटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) लावा. बाथरूमसाठी मिळणारं, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन तर अ‍ॅल्युमिनियमला नकोच. त्यातलं आम्ल धातू खातं.

आता आम्ही वर पत्र्याचं छप्पर केलंय, बाजू मोकळ्या. गाद्या पुण्याला आणतो. कपाटांची दारं उघडी ठेवतो आणि ट्रेलरचं तोंड किंचित वर ठेवतो, म्हणजे छतावर पाणी साचत नाही.

उंदीर येतात म्हणून जमिनीलगतची झडप बुजवणं

कृपा करून हे करू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की तळाशी साचतो आणि त्या झडपेतूनच बाहेर पडतो. तिथे चिंधी कोंबली तर गॅस आत तुंबतो, आणि तिथेच तुमची मुलं खाली गादीवर झोपलेली असतात. उंदरांसाठी बारीक स्टीलची जाळी ठोका. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, चालूही नको, बंदही नको. दारं उघडा, रेग्युलेटर बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि 1906 वर फोन करा. निघताना रेग्युलेटर बंद करणं पुरेसं नाही, सिलिंडर काढून घरी आणा.

बॅटरी तशीच जोडून येणं

म्युझिक सिस्टीम बंद असली तरी थोडा थोडा करंट ओढत राहते. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, 12 च्या आसपास आली म्हणजे बरीच रिकामी झाली. अशी आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती मग चार्ज घेत नाही. निघताना आधी निगेटिव्हची वायर काढा.

सांडपाण्याचंही सांगतो. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं. बेसिनची नळी ओढ्यात सोडणारे लोक बघितले की जीव तुटतो. टाकीत साठवा आणि योग्य ठिकाणीच रिकामी करा.

लाइफ जॅकेटही पावसाळाभर ट्रेलरमध्ये कोंबून ठेवू नका, पट्टे कुजतात. पट्टा जोरात ओढून बघा. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि मूल खाली राहतं.

वर्षभर उभा ट्रेलर थेट हायवेवर काढणं

टायरची नक्षी शाबूत दिसते, पण बाजूला उन्हाने बारीक तडे गेलेले असतात. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्यावर असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2319 असेल तर तो 2019 च्या 23 व्या आठवड्यातला. सामान भरताना जड वस्तू मागे टाकू नका. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकवर यायला हवा, नाहीतर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. पुण्याकडे येताना सोमाटण्याच्या अलीकडे थांबा आणि दोन्ही चाकांच्या हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हात नेऊन बघा. एक हब कोमट आणि दुसरा, त्यावर हात ठेववत नाही इतका गरम असेल, तर बेअरिंगमधलं ग्रीस वाळलंय किंवा ब्रेक अडकलाय. तिथून पुढे ओढू नका, मेकॅनिकला तिथेच बोलवा.