अलास्कात हाय टनेलसाठी सरकारी मदत कशी घ्यायची: आधी सही, मग खरेदी

गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, अगं त्या बर्फात काय पिकतं? पिकतं हो, भरपूर पिकतं. इथल्या पामर नावाच्या गावच्या जत्रेत २०१२ साली ६२ किलोच्या वर वजनाचा एक कोबी आला होता, जूनमध्ये १९ तास उजेड असतो त्याची ही किमया. अडचण उजेडाची नाहीच, माती मे महिन्यातसुद्धा थंडगार असते आणि ऑगस्ट संपताना कडाका परत दारात येतो, म्हणून टोमॅटो-काकडी-मिरची घ्यायची तर हाय टनेल लागतो. हाय टनेल म्हणजे आपल्याकडच्या साध्या पॉलीहाउससारखं, लोखंडी कमानी, वर प्लास्टिक आणि पीक कुंडीत नाही तर थेट जमिनीत.

यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याची एनआरसीएस ही संस्था इक्विप नावाच्या योजनेतून पैसे देते. ही संस्था १९३५ सालची, तिकडे मैदानी राज्यांत धुळीच्या वादळांनी माती उडून गेली तेव्हा माती वाचवायला काढलेली, आणि हे आधी डोक्यात ठेवा कारण ते लोक तुमच्या टोमॅटोपेक्षा तुमची माती आणि पाणी बघायला येतात.

पहिलं काम म्हणजे जवळच्या ऑफिसला फोन करून वेळ घ्या, पामर, होमर, फेअरबँक्स, डेल्टा जंक्शन इकडे ऑफिसं आहेत. तिथे एफएसए या कृषी खात्याच्याच दुसऱ्या संस्थेकडून फार्म नंबर काढून घ्यायचा, आपल्या सातबारा-आठ अ ची जागा इथे हा नंबर घेतो असं समजा. जमिनीचं खरेदीखत किंवा भाडेकरार, ओळखपत्र आणि बँकेचे तपशील घेऊन जा. जमीन भाड्याची असेल तर करार योजनेच्या पूर्ण मुदतीला पुरतोय का ते आधी बघा. आणि कंपनीच्या नावाने अर्ज करणार असाल तर सरकारी नोंदणीतलं नाव आणि अर्जातलं नाव अक्षर न् अक्षर एकच पाहिजे, एका स्पेलिंगपायी अर्ज अडकतो.

मग फॉर्म. मुख्य अर्ज सीपीए-१२००, त्याच्यासोबत दलदलीची किंवा धूप होणारी जमीन बिघडवणार नाही असं लिहून देणारा एडी-१०२६ आणि उत्पन्नाचा एक. शेतीत येऊन १० वर्षांपेक्षा जास्त झाली नसतील तर नवशिक्या शेतकऱ्याचा रकाना नक्की भरा, कृपा करून सोडू नका! त्यात दर जास्त मिळतो आणि निम्मी रक्कम आगाऊ मागता येते, मात्र आगाऊ घेतलेली ९० दिवसांत खर्च करावी लागते. अर्ज वर्षभर घेतात, पण ठरावीक तारखेपर्यंत आलेले अर्ज एकत्र करून गुण देतात, म्हणून ती तारीख विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

नंतर त्यांचा माणूस जागा बघायला येतो आणि ही भेट मला सगळ्यात मोलाची वाटते. फेअरबँक्सकडच्या एका मैत्रिणीच्या जागेवर मी होते तेव्हा ऑफिसातून आलेल्या बाईंनी बारीक लोखंडी सळई जमिनीत दाबली, दोन हात गेली आणि टक् करून थांबली, खाली कायमचा बर्फ. वरचं शेवाळ आणि झाडं काढली की तो वितळतो, जमीन खचते, कमानी वाकड्या होतात, मग जागा चाळीस पावलं वर सरकवली. तुमच्याकडे आले की वारा कुठून येतो, छतावरचं पाणी कुठे जाणार, बर्फाचा भार किती, हे सगळं विचारून घ्या, फुकट मिळणारा सल्ला आहे.

आता मुख्य गोष्ट. योजनेच्या करारावर तुमच्या आणि एनआरसीएसच्या, दोघांच्या सह्या होईपर्यंत टनेलचं किट, म्हणजे कमानी-प्लास्टिकचा जोडायचा संच, विकत घ्यायचं नाही, खड्डा पण खणायचा नाही. महाराष्ट्रात शेडनेटला पूर्वसंमती लागते ना, तसंच. आमच्या शेजाऱ्यांनी मार्चमध्ये स्वस्त मिळतंय म्हणून किट मागवलं, अर्ज आत होता पण सही नव्हती, एक डॉलर मिळाला नाही आणि मला अजून त्याची हळहळ वाटते.

पैसे बिलावर नाही तर चौरस फुटाला ठरलेल्या दराने मिळतात, त्यामुळे रस्ता नसलेल्या गावात राहत असाल, सामान बार्जने, म्हणजे सपाट मालवाहू बोटीने, किंवा विमानाने येणार असेल, तर वाहतुकीचा आकडा आधी काढा, नाहीतर वरचा खर्च खिशातून जातो. किट कंपनीने बनवलेलंच हवं, बांधणी त्यांच्या सूचनेप्रमाणे, मग माणूस येऊन टेपने मोजतो आणि त्यानंतर रक्कम खात्यात. पुढे ५ वर्षं तो टनेल पिकासाठीच वापरायचा, आत ट्रॅक्टर उभा करून ठेवणं किंवा कोंबड्या ठेवणं चालत नाही.

ठिबक आणि आच्छादन पण त्याच अर्जात मागता येतं, पहिल्याच भेटीत सांगा. स्वतःचा हिस्सा कमी पडत असेल तर एफएसएचं ५०,००० डॉलरपर्यंतचं छोटं कर्ज आहे.

आणि बार्ज उशिरा आला, माती गोठली, करारातली तारीख हुकणार असं दिसलं, तर गप्प बसू नका, तारीख जायच्या आधी ऑफिसला लेखी कळवा आणि मुदत वाढवून मागा.