बलुते कोणी सोडले? गावातील सामाजिक बदल सिद्धांताच्या आधारे कसा अभ्यासावा

समाजशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात प्रकल्पाचा विषय ठरवण्याची वेळ आली की बहुतेक विद्यार्थी ‘ग्रामीण समाजातील परिवर्तन’ अशा एखाद्या ऐसपैस शीर्षकाचा कागद पुढे करतात. अशा प्रकल्पाचे पुढे काय होते ते सांगण्यासाठी ज्योतिषाची गरज नसते. पहिल्या प्रकरणात श्रीनिवास, घुर्ये आणि अक्षयकुमार देसाई या समाजशास्त्रज्ञांची मते उतरवली जातात, तिसऱ्या प्रकरणात गावाचा भूगोल येतो, आणि या दोहोंची गाठ शेवटपर्यंत पडत नाही. ही गाठ कशी घालावी हे येथे एकाच विषयाच्या आधारे सांगितले आहे. विषय आहे महाराष्ट्रातील गावची बलुतेदारी, म्हणजे गावाची ठरलेली कामे करणाऱ्या जातींना पिकातला वाटा (बलुते) देण्याची पद्धत, आणि तिचा शेवट. ज्यांना पाणीवाटप, विवाह किंवा स्थलांतर असा दुसरा विषय घ्यायचा असेल त्यांनाही हीच वाट थोड्याफार फरकाने चालेल.

प्रथम शब्द तपासून घ्यावा. पाठ्यपुस्तके जातींमधील सेवांच्या देवघेवीला सरसकट ‘जजमानी पद्धत’ म्हणतात आणि विद्यार्थी तोच शब्द आपल्या गावाला चिकटवतात. तो उत्तर भारतातला शब्द आहे. विल्यम वायझर यांनी १९३६ मध्ये उत्तर प्रदेशातील एका गावाच्या अभ्यासातून त्याला शास्त्रीय चलन मिळवून दिले. जजमानीचा संबंध मुख्यतः घराचा घराशी असतो. विशिष्ट कुटुंबाचा विशिष्ट न्हावी, विशिष्ट धोबी. आपल्याकडचा बलुतेदार मात्र वतनामुळे, म्हणजे गावकामाच्या वंशपरंपरागत हक्कामुळे, साऱ्या गावाशी बांधलेला होता आणि सुगीच्या वेळी खळ्यावर त्याचा जो हक्क निघे तो गावाचा चाकर म्हणून निघे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांव-गाडा’ या १९१५ सालच्या ग्रंथात या हक्कांचे आणि त्यांवरील कुरबुरींचे जे बारीक वर्णन आहे, ते वाचल्याशिवाय या विषयाला हात घालू नये. हा फरक शब्दच्छल नाही. बंधन घराशी असेल तर ते एकेका घराने तोडायचे असते. गावाशी असेल तर तोडणाऱ्याची गाठ साऱ्या गावाशी पडते.

यानंतर सिद्धांत निवडावा. सिद्धांत म्हणजे कागदाच्या शेवटी मारायचा शिक्का नव्हे, तो काय शोधायचे हे सांगणारा प्रश्न आहे. म्हणून प्रत्येक सिद्धांताखाली दोन ओळी लिहाव्यात: हा खरा असेल तर गावात मला काय दिसले पाहिजे, आणि काय दिसले तर तो येथे लागू पडत नाही असे मी मान्य करीन. दुसरी ओळ लिहिता येत नसेल, तर आपल्याला तो सिद्धांत अजून समजलेला नाही असे धरून चालावे.

म. ना. श्रीनिवास यांची संस्कृतीकरणाची कल्पना घ्या. कूर्ग प्रदेशातील अभ्यासातून १९५२ मध्ये त्यांनी ती पुढे ठेवली. खालच्या मानलेल्या जाती वरच्यांचे आहार, विधी, चालीरीती उचलतात आणि एकदोन पिढ्यांनंतर वरच्या स्थानावर हक्क सांगतात, असा तिचा आशय आहे. विद्यार्थी येथे थांबतात. श्रीनिवासांनी स्वतःच पुढे म्हटले आहे की यातून व्यवस्थेतील जागा बदलते, व्यवस्था बदलत नाही. आपल्या कामाचा निम्मा भाग या एका भेदावर उभा आहे. गावात जे बदलले ते कोणाची पायरी बदलली म्हणून बदलले, की जिनाच बदलला म्हणून, हा प्रश्न प्रत्येक नोंदीला विचारावा लागतो.

महाराष्ट्रात ही कल्पना वापरताना आणखी एक सावधगिरी हवी. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि भटजीवाचून लग्ने लागू लागली. मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन झाले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. मांस सोडणे हे वरवर पाहता संस्कृतीकरण वाटते, आणि कित्येक प्रकल्पांत तसे लिहिलेलेही असते. परंतु मांस सोडणे आणि मेलेले ढोर ओढण्याचे गावकीचे काम नाकारणे ही एकाच निर्धाराची दोन अंगे होती, आणि त्या निर्धारात वरच्यांसारखे दिसण्यापेक्षा त्यांनी लादलेले काम झिडकारण्याचा भाग मोठा होता. अनुकरण आणि नकार यांचे बाह्य रूप कधीकधी एकसारखे असते. फरक कळतो तो करणाऱ्याच्या तोंडून.

आंबेडकरांचा स्वतःचा सिद्धांत येथे दुसरी फूटपट्टी म्हणून घ्यावा. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे असे मांडले. म्हणजे बलुते सुटले, धंदा बदलला, मुलगा पुण्यात नोकरीला लागला, तरी सोयरीक कोठे जुळते हे पाहिल्याशिवाय जात सैल झाली असे लिहिता येत नाही. तिसरा दृष्टिकोन देसाई यांच्या मार्क्सवादी परंपरेचा आहे, आणि त्याचा प्रश्न रोखठोक आहे: जमीन कोणाच्या नावावर, मजुरी कोण ठरवतो. हे तिन्ही प्रश्न एकाच गावाला विचारावेत. एकच सिद्धांत घेतला की गाव फार आज्ञाधारक होऊन त्याच सिद्धांताची उदाहरणे पुरवू लागते.

आता कागदपत्रे. तलाठी कार्यालयात सातबारा मिळतोच, पण बदलाच्या अभ्यासकाला फेरफार नोंदवही अधिक उपयोगी, कारण सातबारा स्थिती सांगतो आणि फेरफार हालचाल सांगतो. कनिष्ठ गावकामगारांची वतने मुंबई राज्याने १९५८ च्या कायद्याने नष्ट केली आणि जमिनी अटींवर पुन्हा देण्यात आल्या. त्यांची खूण आजही कित्येक उताऱ्यांवर ‘भोगवटादार वर्ग २’ (म्हणजे हस्तांतरावर निर्बंध असलेली जमीन) या शेऱ्यात दिसते. (महार वतनाविरुद्ध आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले ते १९२८ साली, हे कालांतर ध्यानात ठेवावे.) कसणाऱ्या कुळाला मालकी देणाऱ्या कुळकायद्याचे फेरफार १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’च्या पुढे शोधावेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतील जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांच्या परवानगीने पाहावे. त्यातील जातीचा रकाना आणि ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना शेजारी ठेवून वाचले की कोणत्या घरांतून मुलगी प्रथम केव्हा आली आणि कोणत्या इयत्तेत गेली हे दिसते. नावे उतरवून घेऊ नयेत, आकडे घ्यावेत. जनगणनेच्या गावनिहाय तक्त्यांत शेतकरी, शेतमजूर आणि इतर कामगार यांची संख्या मिळते, पण अनुसूचित जाती-जमाती सोडल्यास जातवार आकडे १९३१ नंतरच्या जनगणनांत मिळत नाहीत, तेव्हा ‘अमुक जातीची लोकसंख्या वाढली’ असे विधान करण्याआधी ते कशावरून, हे स्वतःला विचारावे.

एक साधन कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो: लग्नपत्रिका. जुन्या घरांत त्या ट्रंकेत किंवा देव्हाऱ्याच्या मागे दडपलेल्या सापडतात. चाळीस वर्षांच्या पन्नासएक पत्रिका जमवून त्या सालवार मांडाव्यात. लग्नस्थळ ‘वधूच्या राहत्या घरी’ वरून मंगल कार्यालयाकडे आणि तेथून ‘लॉन्स’कडे केव्हा सरकले, वधूच्या नावापुढे शिक्षण केव्हा छापले जाऊ लागले, निमंत्रकांच्या यादीत भावकीच्या जोडीला सरपंच, चेअरमन आणि आमदार केव्हा शिरले, वरच्या कोपऱ्यात कुलदैवताऐवजी बुद्ध आणि बाबासाहेब केव्हा आले, हे सगळे छापील आणि तारीखवार पुराव्यासह मिळते. आणि दोन्हीकडची आडनावे व गावे पाहिली की सोयरिकीचा पल्ला किती लांबला, पण जातीची रेघ ओलांडली की नाही, हा आंबेडकरांचा प्रश्न आपोआप तपासला जातो.

मुलाखतीला जाताना कोणाच्या घरात प्रथम पाय टाकतो याला महत्त्व आहे. श्रीनिवासांनी म्हैसूरजवळच्या गावात १९४८ मध्ये मुक्काम केला तो गावच्या पुढाऱ्याच्या जागेत, आणि त्यामुळे आपल्याला गाव वरच्या अंगाने दिसले याची कबुली त्यांनी नंतर दिली. आपणही सरपंचांच्या ओसरीवर बसून दलित वस्तीविषयी माहिती घेऊ नये. वस्तीत जावे, तेही कोणाची ओळख घेऊन जातो आहोत याचा विचार करून. श्रीनिवासांच्याच बाबतीतली दुसरी गोष्ट अशी की १९७० मध्ये स्टॅनफर्ड येथे लागलेल्या आगीत त्यांनी वर्षानुवर्षे तयार केलेली टिपणे जळाली आणि त्या गावावरचे पुस्तक त्यांना बरेचसे स्मरणावर लिहावे लागले. तेव्हा टिपणे त्याच रात्री स्वच्छ लिहून काढून त्यांची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. गावाला त्यांनी ‘रामपुरा’ हे बनावट नाव दिले होते, आपणही द्यावे.

‘तुमच्याकडे जातपात मानतात का?’ हा प्रश्न विचारूच नये. ‘आता तसलं काही राहिलं नाही’ हे त्याचे ठरलेले उत्तर आहे आणि त्यातून फक्त एवढेच कळते की असे म्हणणे आता शिष्टसंमत झाले आहे. त्याऐवजी कामे विचारावीत. गावात दहाव्याला केस कोण काढतो? लग्नात पायघड्या कोण घालतो? संक्रांतीची सुगडी आणि नवरात्राचा घट कोठून येतो, आणि त्याचे पैसे देतात की धान्य? देवळात झाडलोट कोणाकडे आहे? यादी जातींची करू नये, कामांची करावी. तशी केली की ‘बलुतेदारी संपली’ हे सरसकट वाक्य लिहिताच येत नाही. रोजची दाढी-कटिंग सलूनमध्ये रोखीने होते, पण दहाव्याला मात्र ठरलेल्या घरातलाच माणूस बोलावला जातो. पाण्याचा माठ प्लास्टिकच्या टाकीने आणि फ्रीजने हटवला, सुगडी मात्र कुंभाराचीच लागतात. तिफण आणि मोट गेली तसे सुतार-लोहाराचे शेतातले काम ट्रॅक्टरने खाल्ले. उपयोगाचे बलुते बाजाराकडे गेले, विधीचे बरेचसे मागे राहिले. हा माझा अनेक प्रकल्प वाचून झालेला समज आहे, आणि तो आपल्या गावात खोटा ठरला तर उत्तमच.

कालनिर्णयाची अडचण हमखास येते. म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही, परंतु घटना आठवतात. ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’, ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही बलुतं मागायला जात होतात का?’, ‘वीज आली तेव्हा?’ असे विचारले की पाचएक वर्षांच्या फरकाने काळ हाती येतो. कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७ मधला. मराठवाड्यात किल्लारीचा, म्हणजे सप्टेंबर १९९३ चा, भूकंप खुणेसाठी घ्यावा.

आणि क्रियापदे. या लेखाचे शीर्षक त्यासाठीच प्रश्नार्थक ठेवले आहे. त्याच गावात, त्याच घटनेबद्दल, पाटलांच्या वाड्यात ‘बलुतं बंद पडलं’ असे ऐकायला मिळते, न्हाव्याच्या घरी ‘परवडंना, म्हणून सोडलं’ असे, आणि बौद्धवाड्यात ‘आमच्या आज्यानं येसकरकी (गावच्या वेशीची राखण करण्याचे महारांकडचे काम) टाकली’ असे. एका विद्यार्थिनीने ही तिन्ही वाक्ये नोंदवली होती, पण अहवालात त्यांचे ‘बलुतेदारी पद्धतीचा ऱ्हास झाला’ असे एकच सपाट वाक्य केले होते. त्या ‘ऱ्हासा’त कर्ता नाहीसा झाला. बंद पडणे आपोआप होते, सोडण्यामागे हिशेब असतो, टाकण्यामागे निर्धार असतो आणि बहुधा त्याची किंमतही मोजलेली असते: किराणा बंद, शेतावर काम बंद, पाणवठ्यावर भांडण. म्हणून मुलाखत उतरवताना क्रियापद जसेच्या तसे ठेवावे, प्रमाण मराठीत सुधारू नये, आणि ‘टाकली’ असे कोणी म्हटले की पुढचा प्रश्न विचारावा: मग गावाने काय केले? येथेच वर ठेवलेले सिद्धांत एकमेकांपासून वेगळे होतात. पहिल्या वाक्याला आधुनिकीकरणाची भाषा पुरते, दुसऱ्याला बाजार आणि मजुरीचे विश्लेषण लागते, तिसऱ्याला नकाराचा इतिहास लागतो, आणि संस्कृतीकरण तिन्हींपैकी कोणालाही पुरेसे ठरत नाही.

कारणे लिहिताना घाई करू नये. साखर कारखाना आला आणि त्यानंतर बलुते सुटले, एवढ्यावरून कारखान्यामुळे सुटले असे ठरत नाही. याला साधा उपाय म्हणजे त्याच तालुक्यातील, कालव्याचे पाणी न पोहोचलेले एखादे जिरायत गाव तुलनेला घ्यावे. तेथेही त्याच सुमारास सुटले असेल तर कारण साखरेत नाही, दुसरीकडे शोधावे लागेल.

लेखनाला बसल्यावर ‘पूर्वी’ आणि ‘हल्ली’ हे दोन शब्द खोडून त्या जागी साल किंवा घटना घालावी. ‘पूर्वी बलुतेदारांना धान्य मिळत असे, हल्ली ते व्यवसाय करतात’ या वाक्याऐवजी असे लिहावे: ‘दुष्काळाच्या सालापर्यंत न्हाव्याच्या तिन्ही घरांना खळ्यावर धान्य मिळत होते, त्या साली खळीच झाली नाहीत, धाकटा भाऊ मुंबईला गेला, आणि परतल्यावर त्याने रोखीशिवाय वस्तरा उचलला नाही.’ दुसऱ्या वाक्यात सिद्धांताचे नावही नाही, तरी त्यात संरचना, अर्थव्यवस्था आणि माणसाचा निर्णय तिन्ही आहेत, आणि प्रत्येक तुकड्यासमोर मुलाखतीचा क्रमांक टाकता येतो.

मसुदा पूर्ण झाला की तो गावात नेऊन वाचून दाखवावा, दोन ठिकाणी आणि दोन वेगळ्या दिवशी: एकदा चावडीवर आणि एकदा वस्तीत. दोन्हीकडे जे आक्षेप निघतील ते नावे गाळून परिशिष्टात जोडावेत, कामांच्या यादीच्या लगेच पुढे.