'कंडाइल' हा शब्द कसा समजून घ्यावा आणि कसा वापरावा

हाडाच्या टोकाशी असलेला, कूर्चेने मढलेला आणि दुसऱ्या हाडाशी सांधा जुळवणारा उंचवटा म्हणजे कंडाइल. मूठ वळल्यावर बोटांच्या मुळाशी जी हाडे वर उठून दिसतात, त्यांच्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले आहे. त्यामुळे असा उंचवटा गोलसर असणार, हे ओघानेच आले. मात्र नडगीच्या हाडाचे दोन्ही कंडाइल वरून जवळजवळ सपाट असतात, म्हणून आकारापेक्षा सांध्यातील सहभाग हीच खूण धरावी.

शब्द पाठ करण्यापूर्वी एक कंडाइल बोटाने अनुभवावा. कानाच्या छिद्रासमोर बोट हलके टेकवून तोंड सावकाश उघडले, की खालच्या जबड्याचा कंडाइल बोटाखालून पुढे सरकतो आणि तेथे लहानसा खळगा पडतो. 'होय' म्हणून मान डोलावताना कवटीच्या तळाचे दोन कंडाइल मानेच्या पहिल्या मणक्यावर हलतात. ते मात्र बाहेरून हाताला लागत नाहीत.

अहवालात हा शब्द सहसा एकटा येत नाही. 'उजव्या फीमरचा मीडियल कंडाइल' असे लिहिले असेल, तर आधी बाजू, मग हाड आणि शेवटी त्या हाडाचा कंडाइल, अशा क्रमाने वाचावे. फीमर म्हणजे मांडीचे हाड. मीडियल म्हणजे शरीराच्या मध्यरेषेकडचा आणि लॅटरल म्हणजे तिच्यापासून दूरचा. मीडियलचा अर्थ 'डावा' असा घेतला, तर दोनपैकी एका पायाबाबत हमखास चूक होते.

सर्वांत जास्त गोंधळ 'एपिकंडाइल' या शब्दाने होतो, आणि तो होणे स्वाभाविकही आहे. 'एपि' म्हणजे वर. कंडाइलच्या वरच्या अंगाला असलेला हा उंचवटा सांध्याच्या पृष्ठभागात मोडत नाही, तर स्नायू आणि अस्थिबंध यांना आधार देतो. कोपराच्या आतल्या बाजूला हाताला लागणारे टोकदार हाड हा ह्यूमरसचा, म्हणजे दंडाच्या हाडाचा, मीडियल एपिकंडाइल होय. त्याच्या मागून अल्नर चेता जाते, म्हणूनच तेथे आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात. 'टेनिस एल्बो'ची वेदना बाहेरच्या, म्हणजे लॅटरल एपिकंडाइलपाशी असते. तिला 'कंडाइलचे दुखणे' म्हणणे चुकीचे ठरेल.