ओव्हनमध्ये बटाटे भाजण्याआधी

तयारी बाजारापासूनच सुरू करा, कारण बटाटा चुकीचा निवडला तर पुढे ओव्हन काही करू शकत नाही. सालीसकट अख्खा भाजायचा असेल तर पिठूळ बटाटा हवा. भाजीवाल्याकडे ‘वेफर्सचा बटाटा’ मागा. तो बहुधा कुफरी चिप्सोनाच्या जातीचा निघतो. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८मध्ये या जातीचे पहिले दोन वाण आणले ते वेफर्ससाठीच. यात पाणी कमी आणि पिष्ट जास्त, म्हणून भाजल्यावर गर मोकळा, भुसभुशीत होतो. पिवळसर गराचा पुखराज मात्र पाणीदार. रश्श्यात तो छान लागतो, पण अख्खा भाजला की आत ओलसर, चिकट राहतो. त्याच्या फोडीच भाजाव्यात. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचा खरिपाचा बटाटा पावसाळा सरता सरता बाजारात येतो. अंगठ्याने घासून साल निघत असेल तर तो अजून कोवळा आहे, त्याच्याही फोडी करा.

जात ओळखता येत नसेल तर लहान वाटीने ११ वाट्या पाणी घेऊन त्यात १ वाटी मीठ विरघळवा आणि बटाटा सोडा. बुडाला तर पिठूळ, तरंगला तर पाणीदार. ही परीक्षा मला फार आवडते, दुकानदाराच्या शब्दावर विसंबावे लागत नाही.

आणलेले बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीत पिष्टाची साखर होते. मग बटाटा गोडसर लागतो आणि आतून शिजायच्या आधीच बाहेरून काळपटतो. शीतगृहातून आलेल्या मालाचेही तेच, म्हणून असे बटाटे आठवडा-दोन आठवडे अंधाऱ्या, हवेशीर जागी टोपलीत राहू द्या. हिरवे पडलेले बाजूला काढून टाका.

भाजायच्या दिवशी साधारण एकाच आकाराचे, २०० ते २५० ग्रॅमचे बटाटे निवडा, नाहीतर एक करपतो आणि दुसरा कच्चा राहतो. माती काथ्याने घासून काढा आणि फडक्याने अगदी कोरडे पुसा. सालीवर ओल राहिली तर ती कुरकुरीत होत नाही. काट्याने सात-आठ ठिकाणी टोचा, तेलाचा हात फिरवा, जाडे मीठ चोळा. फॉइलमध्ये गुंडाळू नका. आत वाफ कोंडते आणि बटाटा भाजण्याऐवजी उकडतो. ओटीजीचे, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनचे, वरचे-खालचे दोन्ही रॉड लावून २०० अंशांवर १५ मिनिटे तापवा, बटाटे थेट जाळीवर ठेवा, खाली ट्रे सरकवा. तासभर लागतो, मोठ्यांना थोडा जास्त. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये साल भाजली जात नाही. त्यात कन्व्हेक्शन, म्हणजे गरम हवा फिरवण्याची सोय, असेल तर चालेल.

फोडी करणार असाल तर त्या अर्धा तास पाण्यात ठेवून कोरड्या करा आणि २२० अंशांवर एकाच थरात पसरा. मधे एकदा उलटा.

लहान बटाट्यांची तयारी वेगळी, आणि माझ्या मते सर्वात चविष्ट प्रकार हाच. आधी मिठाच्या पाण्यात सालीसकट मऊ उकडा, निथळून वाफ जाऊ द्या. तेल लावलेल्या ट्रेमध्ये मांडून प्रत्येकावर वाटीचे बूड ठेवून हळूच दाबा. साल फाटते, गर बाहेर येतो, कडा दातेरी होतात. वरून तेल, ठेचलेला लसूण आणि जिरे घाला. लसूण मात्र शेवटच्या दहा मिनिटांतच, नाहीतर कडू होतो. २२० अंशांवर अर्ध्या तासात त्या कडा सोनेरी होतात.

बटाटे ओव्हनमध्ये असतानाच लोणी, घट्ट दही, मिरपूड, लसणाची कोरडी चटणी, बारीक चिरलेली कांद्याची पात काढून ठेवा. सुरी मधोमध अडथळ्याविना शिरली की बटाटा झाला. बाहेर काढताच वर फुलीची चीर देऊन दोन्ही बाजूंनी दाबा, म्हणजे वाफ निघून जाते. तसाच ठेवला तर तीच वाफ आत मुरते आणि गर पुन्हा चिकट होतो, म्हणून माणसे पानावर बसली की मगच ओव्हन उघडा.